लाँड्रीवाली, तिची मुलगी आणि मी

मी मुलांना बोलायला शिकवते. सव्वीस वर्षं झाली. माझी स्वतःची दोन मुलंही उत्तम बोलतात, फक्त माझ्याशी बोलत नाहीत, पण तो विषय वेगळा. आज लिहायचं आहे ते एका बाईबद्दल, जिचा मी आयुष्यात सगळ्यात जास्त हेवा केला. तिच्याकडे हेवा करण्यासारखं होतं तरी काय? एक भाड्याचा गाळा, वाफेच्या दोन इस्त्र्या, कायमचा दुखरा खांदा आणि एक मुलगी. त्यातली मुलगी मला माझी वाटत होती.

ती आमच्या केंद्रात पहिल्यांदा आली तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. घरात तिला सगळे बटण म्हणायचे, कारण लाँड्रीत शर्टांची तुटून पडलेली बटणं डब्यात गोळा करत ती तासन्‌तास बसायची. बटणला ऐकू नीट येत होतं, कळतही सगळं होतं. अडचण बोलण्याची होती. अशा मुलांच्या डोक्यात शब्द तयार असतो, पण तो कुठल्या क्रमाने घडवायचा हा निरोप ओठांना, जिभेला आणि जबड्याला धड पोचत नाही. ‘डबा’ म्हणायला जावं तर एकदा ‘बडा’ येतं, एकदा ‘अबा’, एकदा नुसतंच तोंड उघडं राहतं. लाड करून किंवा रागावून यात काडीचा फरक पडत नाही. एकच शब्द समोरच्याच्या तोंडाकडे बघत, ऐकत, त्याच्याबरोबर म्हणत शेकडो वेळा घोटावा लागतो.

तीन वर्षं मी तिच्यासमोर बसले, आठवड्यातून दोनदा. तिचा पहिला धड शब्द माझ्या खोलीत आला. शब्द होता ‘पाणी’. मी दार उघडून तिच्या आईला बोलावलं. ती बाकावरून धावत आली, मुलीपुढे गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, “म्हण ना, परत म्हण, पाणी म्हण.” बटणने मान वळवली आणि माझ्याकडे बघून म्हटलं, “पाणी.” त्या दिवशी घरी जाताना मी एकटीने दोन आइस्क्रीम खाल्ली.

आता त्या आईबद्दल. उंच, किरकोळ अंगाची बाई, उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली उतरलेला. बाराव्या वर्षी लाकडी खोक्यावर उभी राहून वडिलांच्या लाँड्रीत रुमाल इस्त्री करायला लागली ती आजपर्यंत तेच करत होती. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि पंधरवड्याने एकदा घरी उगवायचा. बोलायला लागली की बाई थांबायची नाही. मुलीच्या वाटचं सगळं हीच बोलून टाकते, असं मी एकदा चहाच्या वेळी म्हणाले होते आणि सगळे पोट धरून हसले होते.

तिला कपड्यांवरून माणूस कळायचा. कुणाची कॉलर आतून झिजली आहे म्हणजे तो सारखी मान फिरवतो, कुणाच्या खिशाशी शाई आहे, कुणाचा शर्ट महिन्याभरात सैल पडायला लागलाय म्हणजे घरी काहीतरी बिनसलंय. पहिल्याच महिन्यात माझ्या कोटाकडे बघून म्हणाली, “मॅडम, तुम्ही डाव्या हातावर डोकं टेकवून बसता ना? कोपर बघा कसं चकाकतंय.” मी हसले, पण मला ते अजिबात आवडलं नाही. वाचायचं काम माझं होतं. तिने मला वाचायची गरज नव्हती.

आणि तिला बटणचं सगळं कळायचं, हे तर मला मुळीच आवडत नव्हतं. मी वही काढून, कान लावून, तीनदा विचारून जे समजून घ्यायचे ते ही दारातूनच सांगायची. “अहो, ती म्हणतेय तुमच्या पेनाचं टोपण कुठे गेलं.” टोपण खरोखरच हरवलेलं असायचं.

मग आमच्याकडे प्रयोग आला. शिकवायला माणसं कमी आणि मुलं फार, नाव नोंदवून वर्ष वर्ष वाट बघायला लागायची. तेव्हा प्रश्न असा होता की हाच सराव आईबापांना शिकवून घरी करून घेतला, तर तो केंद्रातल्या सरावाइतका लागू पडतो का. चाळीस मुलं निवडली. कुणी केंद्रात राहायचं आणि कुणी घरी जायचं हे बंद पाकिटांनी ठरणार होतं. बारा आठवड्यांनी प्रत्येक मुलाचे शब्द रेकॉर्ड करून अगदी परक्या माणसांना ऐकवायचे. त्यांना मूल माहीत नाही, गट माहीत नाही. त्यांनी फक्त काय ऐकू आलं ते लिहायचं. परक्याला कळलं तर ते बोलणं, हा हिशेब मला मान्य होता. आईला कळतं यात काय मोठंसं, असं मी मनात म्हणायचे.

बटणचं पाकीट प्रमुखबाईंनी आमच्या दोघींसमोर फोडलं. आत निळा कागद निघाला. निळा म्हणजे घर.

लाँड्रीवालीने मान खाली घातली. घाबरली बिचारी, मला वाटलं. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला होता. तीन वर्षं मी मशागत करायची आणि आता कणीस भरायच्या वेळी शेत हिच्या ताब्यात. तोंडाने मी म्हणाले, “काळजी करू नका, मी शिकवते तुम्हाला सगळं.”

चार वेळा बसवून शिकवलं. दहा कलमांचा तक्ता होता. मुलाच्या समोर, चेहरा दिसेल असं बसायचं. यादीतलेच वीस शब्द घ्यायचे. आधी आपण म्हणून दाखवायचं, मग बरोबर म्हणायचं, मग मुलाला एकट्याने म्हणू द्यायचं. मदत करण्याआधी मनात तीन अंक मोजायचे. आणि शेवटचं कलम असं की घरच्यांना मोडकंतोडकं कळतं म्हणून चालवून घ्यायचं नाही, शब्द नीट येईपर्यंत कळलं असं दाखवायचं नाही.  तिने त्या कलमावर बोट ठेवलं. “म्हणजे कळलं तरी नाही म्हणायचं?”

“हो.”

“तिला काय वाटेल?”

“सवय होईल,” मी म्हणाले. हे वाक्य मी शंभर आयांना सांगितलं आहे, पण एवढ्या चवीने कधी सांगितलं नव्हतं.

घरच्या सरावाचं दर आठवड्याला एक रेकॉर्डिंग यायचं आणि कुणीतरी ते तक्त्यावर तपासायचं. दहापैकी आठ हवेत. सलग तीन आठवडे आठपेक्षा कमी पडले तर पालक प्रयोगातून बाहेर आणि मूल परत केंद्रात. तपासायला बाहेरची एक बाई ठरली होती, पण ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. मग प्रमुखबाईंनी तोडगा काढला की कुणीही आपल्याकडच्या मुलाचं रेकॉर्डिंग तपासायचं नाही, दुसऱ्याकडच्याचंच घ्यायचं. तोडगा चोख होता. बटण आता माझ्याकडची नव्हती, म्हणून ती तपासायला माझ्याकडे आली. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी गप्प बसले.

पहिले तीन आठवडे लाँड्रीवालीने तक्ता अक्षरशः गिरवला. आठ, आठ, नऊ. सराव घरी, संध्याकाळी, दिवसभर उभं राहून आल्यावर. दोघी दमलेल्या, आवाजात जीव नाही, बटण अर्ध्या तासात जेमतेम पन्नास शब्द म्हणायची आणि त्यातले चाळीस कसेतरीच. मी हेडफोन लावून ऐकायचे आणि नऊ गुण द्यायला मला काही जड गेलं नाही. गुण मिळत होते आणि मुलगी जागच्या जागी होती. अजून नऊ आठवडे, मग येईल परत, असं मी कॅलेंडरकडे बघून मोजायचे.

चौथ्या आठवड्याचं रेकॉर्डिंग लावलं तर आधी फुस्‌ असा आवाज आला. वाफेचा. सराव लाँड्रीत हलवला होता. यादीतला ‘टोपी’ हा शब्द गायब होता आणि बाई बिनदिक्कत सांगत होत्या, “टोपी कुणी इस्त्रीला आणत नाही, आपण बाही म्हणू. बाही. बघ माझ्याकडे. बाही.” एक शर्ट झाला की बाही, दुसरा झाला की परत बाही, तीस शर्टांच्या साठ बाह्या. मग घडी. मग पिशवी, ती यादीतली होती. मी मोजायला लागले आणि मोजता मोजता माझ्या पोटात दुखायला लागलं. अर्ध्या तासात बटण एकशे चाळीस वेळा बोलली होती. माझ्या खोलीत साठाच्या वर ती कधी गेली नव्हती. मी सहा गुण दिले. ते खरे सहा होते, शपथेवर सांगते.

पाचव्या आठवड्याला ‘घडी’ इतका स्वच्छ आला की मी रेकॉर्डिंग मागे नेऊन परत ऐकलं. ‘घ’ माझ्याकडे दोन वर्षं नुसता घशात अडकायचा. ‘इस्त्री’चं ‘इत्ती’ होत होतं, पण दरवेळी ‘इत्ती’च होत होतं, आणि या मुलांत दरवेळी एकच चूक होणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे मला वेगळं सांगायला नको. गुण झाले सात.

त्या शनिवारी मी नवऱ्याचे चार शर्ट कपाटातून काढले. चांगले इस्त्रीचे होते. ते मी चोळामोळा करून पिशवीत कोंबले. “हे काय करतेस?” नवऱ्याने विचारलं. “धुतल्यावर असेच झाले,” मी म्हणाले. तपासणाऱ्याने सरावाच्या जागी जायचं नाही असा नियम होता, म्हणून मी आत गेले नाही. समोरच्या चपलांच्या दुकानात उभी राहून, पायात न जाणारी चप्पल घालत काचेतून बघत राहिले.

इस्त्रीच्या टेबलापलीकडे उंच स्टुलावर बटण बसली होती. आईचा चेहरा आणि तिचा चेहरा यांत हातभर अंतर. इस्त्री थांबवून बाई ओठ गोल करायची, बटण तेवढेच गोल करायची, मग दोघींचा आवाज एकदम निघायचा आणि त्यानंतर इस्त्री कपड्यावर फिरायची. मी माझ्या खोलीत आरसा लावला आहे, चित्रांचे तीन संच आहेत, बक्षिसाचे स्टिकर आहेत. हिच्याकडे दुसऱ्यांचे कपडे होते. घड्या घालणारी मुलगी शेजारी काम करता करता हसत होती. कुणी गिऱ्हाईक आलं की बटणच त्याला विचारायची, “किती?” आणि गिऱ्हाईक सांगायचं. ज्याला कळलं नाही तो परत विचारायचा आणि ही परत म्हणायची, न रडता. मला इतकं जळायला झालं की मी ती चप्पल विकत घेतली. आजही ती मला होत नाही. शर्ट तसेच परत आणले.

सहाव्या आठवड्याचं रेकॉर्डिंग सोमवारी दुपारी आलं. मी दार लावून बसले. एक एक कलम बघत गेले. दाखवणं होतं, बरोबर म्हणणं होतं, तीन अंकांची वाट होती. दोन कलमं गेली, कारण अर्धे शब्द यादीबाहेरचे होते आणि गिऱ्हाइकं मध्ये येत होती. शेवटचं कलम मात्र तिने असं पाळलं होतं की माझ्याच अंगावर काटा आला. बटणने काहीतरी लांबलचक म्हटलं. मला ते अर्धं कळलं, म्हणजे आईला पूर्ण कळलंच असणार. बाई म्हणाली, “नाही कळलं.” बटणने परत म्हटलं. “नाही कळलं, बाळा.” तिसऱ्यांदा बटण रडली आणि रडत रडत, एक एक तुकडा वेगळा काढून म्हणाली, “पाय. दुखतो.” “आता कळलं,” आई म्हणाली.

सराव संपला, बटण खाली उतरून पळाल्याचा आवाज आला. रेकॉर्डर बंद करायचा राहून गेला होता. फुस्‌, फुस्‌ चालू होतं. मग घड्या घालणारी म्हणाली, “ताई, रडताय काय?”

“रोज खोटं बोलते गं मी तिच्याशी. तोंड उघडायच्या आधी मला कळलेलं असतं आणि मी नाही म्हणते.”

“मग द्या ना परत त्या मॅडमकडे.”

“नाही देणार.” इस्त्री आदळल्याचा आवाज. “तीन वर्षं त्या बाकावर बसले मी. आतून हसायचे आवाज यायचे. पहिला शब्द बोलली तोसुद्धा त्यांच्याकडे बघून. मला वाटायचं मेले का नाही मी. पाकीट फोडलं ना, तेव्हा मान खाली घातली होती मी. हसू दिसलं असतं त्यांना.”

खोटं कशाला बोलू, हे ऐकून मला आधी बरं वाटलं. म्हणजे तीसुद्धा जळत होती, तीन वर्षं, माझ्यावर, आणि मी आइस्क्रीम खात होते. मग ते बरं वाटणं ओसरलं आणि राहिलं ते एवढंच, की ती जळूनही बाकावर बसून राहिली होती, तिने माझ्या कामात कधी खोडा घातला नव्हता. त्यासाठीही मला तिचा रागच आला.

दोन कलमं गेली होती म्हणजे आठ उरत होते. आठ पुरे होते. फक्त एक कलम मी अजून भरलं नव्हतं. समोर, चेहरा दिसेल असं बसणं. रेकॉर्डिंगमध्ये चेहरा दिसत नाही. वाफेचा आवाज येतो, म्हणजे बाई उभी आहे, म्हणजे समोर बसलेली नाही, असं कुणीही तपासनीस म्हणू शकला असता. मी काचेतून बघितलं होतं, पण मी तिथे जायलाच नको होतं, म्हणजे मी बघितलेलं मोजायचं नव्हतं. नियम माझ्या बाजूने असे कधीच उभे राहिले नव्हते. मी ‘नाही’वर खूण केली. सात.

मंगळवारी दुपारी प्रमुखबाईंनी तिला बोलावून घेतलं आणि नोंदणीच्या खिडकीपाशीच सांगितलं की सराव नियमात बसत नाही, उद्यापासून मुलगी पुन्हा केंद्रात. त्या सांगून वर गेल्या. मी तिथेच उभी होते, ती भांडेल म्हणून तयारीत. माझी उत्तरं पाठ होती.

लाँड्रीवालीने पिशवीतून केंद्राचा रेकॉर्डर काढला. तो एका धुतलेल्या रुमालात बांधलेला होता. रुमालाची गाठ सोडून तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “बरं झालं मॅडम. माझ्याने कुठे होणार होतं. तुमचं शिक्षण, तुमचं काम, मी पडले इस्त्री मारणारी. पोरीचे सहा आठवडे फुकट घालवले. तुम्ही घ्या आता तिला, नीट करा.”

तिच्या मागून बटण पुढे आली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं. “आईला येतं,” ती म्हणाली.

यादीत नसलेले, कुणी न घोटून घेतलेले दोन शब्द. खिडकीतल्या कारकुनाने तीन वर्षांत या मुलीचं एक अक्षर समजून घेतलं नव्हतं, दरवेळी तो आम्हाला विचारायचा, ती काय म्हणतेय. त्याने रजिस्टरमधून मान वर केली. “येतं ना,” तो म्हणाला, “कोण नाही म्हणतंय?”

तपासणीचा कागद त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत दुरुस्त करता येत होता. भिंतीवर सव्वाचार झाले होते. वरचा मजला वीस पायऱ्यांवर होता. मी बटणचा हात धरला आणि तिला आत घेतलं.

पुढचे सहा आठवडे ती माझ्यासमोर बसली. ‘बाही’ आणि ‘घडी’ मी चित्रांच्या संचात घातले, आपलेच असल्यासारखे. बारा आठवडे झाल्यावर परक्या माणसांनी तिचे शब्द ऐकले आणि वीसपैकी सतरा बरोबर लिहिले. चाळीस मुलांत दुसऱ्या कुणालाच एवढे आले नाहीत. ते गुण केंद्राच्या बाजूला धरले गेले, बैठकीत माझं कौतुक झालं, आणि घरी सराव करण्याची पद्धत केंद्रापेक्षा थोडी कमी पडते, असं अनुमान निघालं. नाव नोंदवून बसलेल्या आयांना आणखी वाट बघायला सांगण्यात आलं.

लाँड्रीवाली त्या सहा आठवड्यांत दरवेळी बाकावर बसायची, पूर्वीसारखीच, फक्त बोलायची कमी. पुढे खांदा अगदीच गेला तेव्हा तिने गाळा सोडला आणि ती माणसं नवऱ्याच्या गावाकडे निघून गेली. बटण आता कुठेतरी मोठी झाली असेल, बोलत असेल. माझी आठवण काढत असेल तर ती कशी, याचा मी विचार करत नाही.

अहवालाच्या सोळाव्या पानावर तळटीप आहे. तीत म्हटलंय की एका पालकास सरावाची पद्धत नीट आत्मसात न करता आल्याने वगळण्यात आले. त्या बाईबद्दल आजवर कुणी कुठे काही लिहिलं असेल तर ते एवढंच, आणि ते वाक्य प्रमुखबाईंना मी लिहून दिलं होतं.